पान दोनशे अकरा

कुत्र्याचं नाव होतं, माझं नव्हतं.

ओर्ला डनिगनच्या नव्या कादंबरीच्या शेवटी आभाराची दोन पानं आहेत. नवरा, आई, दोन संपादक, गावातला टपालवाला, जिच्या घरात बसून तिने लिहिलं ती घरमालकीण आणि लिहिताना पायाशी बसून राहिलेलं बिस्किट नावाचं कुत्रं. मी ती पानं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. वैदेही हे नाव कुठे नव्हतं. ‘भारतातली एक मैत्रीण’ एवढंही नव्हतं. आणि पान दोनशे अकरावर माझी आत्या होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर माझ्या नवऱ्यासारखं तुम्हीही म्हणाल, “आयर्लंडच्या पुस्तकात मुक्ताआत्या कशी येईल गं?”

मी बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे बी.कॉम.च्या मुलांकडून रजेचे अर्ज लिहून घेते. वय बेचाळीस, नोकरी तासिका तत्त्वावर, आणि सात वर्षांपासून पीएच.डी. चालू आहे. विषय, समकालीन स्कॉटिश आणि आयरिश कादंबरीतलं विस्थापन. स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की कुणीतरी हमखास स्कॉचवर विनोद करतं आणि आपणच हसतं. सांगवीला माहेरी गेलं की चुलते विचारतात, “तिकडं ऊस हुतो का?” मी म्हणते, “नाही. मेंढरं होतात, पाऊस होतो आणि माणसं गाव सोडून जातात.” चुलते म्हणतात, “म्हंजी पाऊस सोडला तर आपल्यावानीच की.”

चुलत्यांना जे बसल्याजागी कळलं ते मला तीन वर्षं कळलं नव्हतं. स्कॉटलंडची ओस पडलेली बेटं आणि विजेच्या धरणाखाली गेलेली आयर्लंडची खोरी मी पेन्सिलीने खुणा करत वाचत होते, आणि उजनीचं पाणी माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होतं. ते मला दाखवलं ओर्लाने. चार वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या कादंबरीबद्दल मी तिला मेल केला. दोन दिवसांत उत्तर! मला आभाळ ठेंगणं झालं. तिने विचारलं होतं, तुमच्याकडे असं बुडालेलं गाव आहे का?

आहे ना! मी तीन पानं लिहिली. आत्या पळसदेवची. लग्न होऊन ती तिथे गेली आणि दोन-अडीच वर्षांत गाव धरणात गेलं. सगळी माणसं सामान घेऊन निघून गेल्यावर एकोणीस वर्षांची आत्या मागे थांबली आणि तिने ते रिकामं घर झाडलं. दोन महिन्यांत ज्यावर पाणी चढणार होतं ते घर! छप्पर उतरवलेलं होतं, त्यामुळे माजघरात कधी नव्हे ते ऊन आलं होतं. त्या उन्हात तिने कोपरान्‌कोपरा झाडला, लेकराला शेवटची आंघोळ घालावी तितक्या मायेने. निघताना उंबऱ्यावर चिमण्यांसाठी मूठभर ज्वारी ठेवली, कारण पाणी येणार हे चिमण्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ओर्लाने लिहिलं, “केवढी मोठी भेट दिलीस मला.” तो मेल मी नवऱ्याला दाखवला, स्टाफरूमला दाखवला, आईला मराठीत सांगितला. आठवडाभर मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

आता पुस्तकात त्या बाईचं नाव ब्रीद आहे, तळं आयर्लंडच्या पश्चिमेला आहे, ज्वारीची बार्ली झाली आहे. बाकी सगळं तेच. छतातून आलेलं ऊन तेच. शेवटची आंघोळ तीच. तिकडच्या एका परीक्षणात म्हटलं होतं की हे लिहायला त्या तळ्याच्या काठी जन्मच घ्यावा लागतो. ते वाचून मी पुस्तक फेकलं. ते फ्रिजला लागलं आणि फ्रिजवरची चुंबकं पडली. पुस्तक यायला दीड महिना वाट पाहिली होती, त्यामुळे उचललंही मीच.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. वर्गात शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभी राहायचे. भाजीत दोनदा मीठ घालायचे. ओर्लाला लिहिलेल्या मेलचे सतरा मसुदे माझ्याकडे पडून होते. पहिल्या मसुद्यात ‘प्रिय ओर्ला’ होतं, सतराव्यात नुसतं ‘ओर्ला’. एकही पाठवला नव्हता. प्रबंध द्यायची तारीख एकतीस मे, आणि आता मुदतवाढही मिळणार नव्हती. जूनमध्ये कॉलेजात कायम जागेच्या मुलाखती होत्या, त्या पीएच.डी.शिवाय मला बघायलाही मिळाल्या नसत्या. पाचवं प्रकरण ओर्लाच्या याच कादंबरीवर होतं आणि त्या प्रकरणाच्या मधोमध हेच पान होतं. चोराच्या घराची स्तुती लिहायला बसल्यासारखी माझी गत झाली होती.

अठरा मेला सकाळी मी माझ्या मार्गदर्शकांना, जाचक सरांना भेटायला इंदापूरला निघाले. बाहेर पडता पडता कामाच्या मंदाकिनीबाई आल्या. त्यांनी झाडू उचलला, माझ्या खांद्यावरची पर्स पाहिली आणि झाडू परत दाराआड उभा केला. “जाऊन या तुमी म्याडम. मी तंवर भांडी घेते.” मी म्हटलं, “अहो झाडा की, मला कुठे आडवा येतोय झाडू!” त्या हसून मोरीकडे वळल्या. मला उशीर होत होता.

जाचक सर निवृत्त झालेत, पण विद्यार्थ्याला बघून अजून चष्मा पुसतात. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली, माझा जुना मेल आणि पान दोनशे अकरा. त्यांनी सावकाश वाचलं. मी खुर्चीतून दोनदा उठले.

“बस गं,” ते म्हणाले. “वैदेही, ही बाई तुझ्यावर उपकार करून गेलीय.”

“उपकार?”

“सात वर्षं तू त्यांच्याविषयी लिहितेयस. ते आपल्याविषयी लिहितात हे कोण दाखवणार? आयरिश कादंबरीतला सगळ्यात आयरिश प्रसंग पळसदेवचा निघतो! हे लिही. पाचवं प्रकरण याच्यावरच उभं कर. मुलाखतीत समिती उठून उभी राहील.”

खोटं कशाला बोलू, मला समिती उठून उभी राहिलेली दिसलीच.

“पण नुसता मेल पुरणार नाही,” सर म्हणाले. “ती म्हणेल, तू माझी पहिली कादंबरी वाचून रचलंस. मूळ माणूस हवं. आत्याची मुलाखत घे, रेकॉर्ड कर, आणि हा संमतीचा फॉर्म. यावर सही. नात्याची असली तरी सही पाहिजे.”

फॉर्ममध्ये लिहिलं होतं की मी सांगितलेली हकिगत माझ्या माहितीप्रमाणे खरी असून संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही. खाली एक रेघ. त्या रेघेवर आत्याची सही आली की झालं. सोबत गरम जिलबी घेतली आणि गाडी महामार्गाला घातली.

लोणी देवकरला कारखान्यांची पाळी सुटलेली, म्हणून रस्ता भरलेला. मी हॉर्नवर हात ठेवूनच चालवत होते. पळसदेवला आत वळले तर पाण्याकडच्या वाटेला पुण्याच्या गाड्यांची रांग. यंदा पाणी लवकर उतरलं होतं, जुनं देऊळ पायापर्यंत उघडं पडलं होतं. कुणीतरी ड्रोन उडवत होतं. एक मुलगी देवळाकडे पाठ करून केस उडवत होती आणि तिचा मित्र तिला परत परत चालायला लावत होता. यांचंही पान दोनशे अकराच चाललंय, मी मनात म्हटलं आणि काच वर केली.

आत्याच्या अंगणात कुरडया वाळत होत्या. आत्या बाजेवर, हातात कावळे हाकायची काठी. सत्तरीला टेकली आहे, पण काठी अशी फिरवते की कावळ्यांचंच काय, माणसांचंही धाडस होऊ नये. तिचा मुलगा इंद्रजित पाण्याकडे गेला होता. पाणी उतरलं की मोटर त्याच्यामागे खाली न्यावी लागते, पाइप जोडत जोडत, नाहीतर ऊस वाळतो. सून राजलक्ष्मीने मला पाणी दिलं आणि चहाला आत गेली.

“ये गं वैदू. अशी उन्हाची का आलीस? तोंड बघ कसं झालंय.”

मी जिलबी दिली, फोन बाजेवर ठेवला, रेकॉर्डर चालू केला. “आत्या, मी हे बोलणं टेप करतेय हं. अभ्यासासाठी.”

“कर की. मी काय इतकी बोलती व्हय?”

मग मी तिला सगळं सांगितलं. त्या देशात एक लेखिका आहे, तिला मी तुझी गोष्ट कळवली, तिने ती न विचारता पुस्तकात घातली, तुझं नाव नाही, माझं नाही, गावाचं नाही. एका कागदावर तुझी सही लागेल, हेही सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढला. आत्या काठी मांडीवर ठेवून ऐकत होती.

“माझी कंची गोष्ट?”

“घर झाडल्याची. पाच वर्षांमागे देऊळ असंच वर आलं होतं, आपण दोघी काठाला गेलो होतो. तेव्हा तू म्हणालीस ना.”

कावळा आला, आत्याने हाकला नाही.

“काय लिवलंय तिनं?” ती म्हणाली. “वाच बरं.”

मी पुस्तक काढलं आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागले. चांगलं सांगत होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वाक्यं समजावून देण्यात गेलीत, तेवढं जमतं मला. छतातून ऊन आलं तिथे आत्याने मान हलवली. उंबऱ्यावरच्या दाण्यांपाशी तिने हात वर केला.

“उंबऱ्यावर? उंबरा तर मामंजींनी उपटून ट्रकात घातला हुता. कवाडं, तुळया, गुरांची दावण, समदं नेलं. उंबऱ्यावर दाणं कुठनं ठिवणार?”

“आणि चिमण्या?”

“आढं उतरवलं तवाच उडून गेल्या की.”

चिमण्या माझ्या होत्या. ज्वारीही माझीच. काठावर उभं राहून आत्या त्या दिवशी एकच वाक्य बोलली होती, “समदी म्होरं गेल्यावर मी घर झाडलं, मग निघाले.” बाकीचं सगळं मी इंग्रजीत घातलं होतं. मेल थोडा कोरडा वाटत होता म्हणून.

“म्होरं?” आत्या म्हणाली.

“पुढे... ती बाई घर झाडते. लेकराला शेवटची आंघोळ घालावी, तितक्या मायेने.”

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक मिटलं.

“ह्ये कोण म्हणलं तुला?”

“कोणी नाही. मीच...”

“मायेनं झाडलं म्हणून कोण म्हणलं?”

राजलक्ष्मी चहा घेऊन आली. आत्याने तिला कप ठेवायला लावले आणि गच्चीवरचे पापड बघायला पाठवलं. ती जिना चढून गेल्यावरच आत्या बोलली. खालच्या आवाजात, कुरडयांकडे बघत.

“माझा पयला पोरगा आठ म्हयन्यांचा हून गेला. आदल्या साली, श्रावणात. तुझ्या बापाला ठावं हाय, तुमा पोरांना न्हाय. आपल्यात ल्हान लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. नदीच्या अंगाला चिचंखाली पुरला. वर एक धोंडा ठिवलेला. घर हालवायच्या दिशी मी मामंजींस्नी म्हणलं, समदं नेताय तर त्यो धोंडा बी घ्या ट्रकात. न्हायतर मूठभर माती घिऊ द्या मला तितली. त्ये म्हणलं, मेलेल्याची माती नव्या घरात न्यायची न्हाय.”

“मग?”

“मग काय. डोस्क्यावर देवाची पाटी घिऊन त्ये म्होरं निघालं. त्येंच्या मागनं समदी निघाली. ट्रक निघाला. मी म्हणलं, इसरलेलं काय हाय का बघून येते. आत गेले. कोपऱ्यात झाडू ऱ्हायला हुता. घेतला आन झाडलं. आतनं भाईर. मामंजी अजून नदराआड बी झालं नव्हतं.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मयत निघाल्यावर झाडत्यात, तसं.”

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या सांगवीच्या घरात वडील एसटीला निघाले की आई झाडूला हात लावायची नाही. वडील फाट्यावर पोचले असतील इतका वेळ ती मोजून बसायची. घरातून प्रेत बाहेर पडलं की मागून घर झाडतात, म्हणून जित्या माणसामागे झाडायचं नाही. हे मला अ आ ई आधी माहीत होतं. आजच सकाळी मंदाकिनीबाईंनी माझ्यासमोर झाडू दाराआड ठेवला होता. आणि हेच वाक्य आत्याच्या तोंडून ऐकून मी त्यात ऊन घातलं, चिमण्या घातल्या, माया घातली आणि सातासमुद्रापलीकडे धाडून दिलं.

“मला त्यो म्हातारा मरावा आसं वाटलं,” आत्या म्हणाली. “तोंडानं म्हणले न्हाय. झाडूनं म्हणले. आन दिवाळीच्या आत गेला बघ त्यो. हितंच, पत्र्याच्या खोपटात, तापानं. वाईट न्हवता गं. तापात माझ्याच हातनं पाणी मागायचा. दुसऱ्या कुणी दिलं तर त्वांड मिटायचा. मी पाजायचे आन मनात म्हणायचे, ह्याला ठावं न्हाय कोण पाजतंय.”

“आत्या, तापाने गेले ते. तुझ्या झाडण्याने कुणी...”

“व्हय, व्हय. शिकलेली हाईस, आसंच म्हणशील.” तिने माझं बोलणं कावळ्यासारखं हाकललं. “ह्येंना बी कदी सांगितलं न्हाय मी. मरूस्तवर न्हाय. त्या दिशी देऊळ बघून तोंडातनं निसटलं तुझ्याम्होरं. घरी आले आन धसकाच बसला. चार दिस घास उतरला न्हाय. म्हणलं, वैदूला कळलं. आता ती इचारंल, बापाला सांगंल. पर तू काय इचारलंच न्हाईस. दिवाळीला आलीस, पाया पडलीस, लुगडं आणलंस. मी म्हणलं, पोरीला समदं कळलंय आन कळून गप हाय. लई बरं वाटलं बघ मला. एवढ्या वर्सांत पयल्यांदा बरं वाटलं. एक माणूस हाय म्हणलं, ज्याला ठावं हाय आन तरी बी माझ्या पाया पडतंय.”

चहावर साय धरली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“तुला काय कळलंच न्हवतं व्हय गं?” आत्याने विचारलं. रागाने नाही. खरोखर माहिती हवी म्हणून विचारावं तसं.

“नाही आत्या.”

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, पण ते झालं. फोनवर आकडे पळत होते, चौदा मिनिटं झाली होती, आणि माझ्या डोक्यात पाचवं प्रकरण आपोआप लिहिलं जात होतं. ओर्लाच्या मायेच्या झाडूखाली हा खरा झाडू! मूळ गोष्टीतला शाप तिकडे जाता जाता कसा पुसला गेला! यावर तर अख्खं पुस्तक होईल. समिती उठून उभी राहील, टाळ्याही वाजवेल. शेजारी एक बाई पन्नास वर्षांचं ओझं बाजेवर उतरवून बसली होती आणि मी मनातल्या मनात तळटिपा देत होते. मला उठून कुठेतरी पळून जावंसं वाटलं. उठलेही. दोन कावळे हाकले आणि परत येऊन बसले.

“सही कशावर पाहिजे म्हणलीस?” आत्याने विचारलं. तिला सही येते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली आहे, ‘मुक्ताबाई’ लिहून खाली दोन टिंबं देते, आणि सही करायची संधी ती सहसा सोडत नाही.

मी फॉर्म दिला. तिने तो लांब धरून पाहिला.

“ह्यात काय लिवलंय?”

“की तू सांगितलेलं खरं आहे.”

“मग तुला खरं लिवावं लागंल.”

“हो.”

“आन ही परदेशातली बाई? तिची बाई कंच्या नावाची?”

“ब्रीद.”

“तिला कुणी म्हणतं का, का झाडलंस म्हणून?”

“नाही. त्यांच्यात तसं काही नसतं. झाडलं तर झाडलं.”

“बरं हाय की मग,” आत्या म्हणाली. तिने फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. “तू ठरीव. सही म्हणशील तर करते. पर आदी त्ये चिमण्यांचं परत वाच.”

मी फोन उचलला. रेकॉर्डर बंद केला, आणि फोनने विचारलं, ठेवायचं की काढून टाकायचं. बोट थांबलं माझं. खोटं बोलणार नाही, चांगलंच थांबलं. मग मी ते काढून टाकलं. पुस्तक उघडलं आणि उंबऱ्यापासून परत वाचलं. या वेळी सावकाश, ओर्लाने जसं लिहिलं होतं तसं. ब्रीद दाराशी थांबते, खिशातून बार्ली काढते, उंबऱ्यावर ओतते, आणि चिमण्या खाली येईपर्यंत वाट बघत उभी राहते. तिला कुणी हाका मारत नाही. तिला घाई नाही.

“चांगलं लिवती गं,” आत्या पदराने तोंड पुसत म्हणाली. “झाडू दे तिला मायेनं.”

तेवढ्यात जाचक सरांचा फोन आला. मी उठून गाडीपाशी गेले.

“झाली का सही?”

“नाही सर. ती गोष्ट आत्याची नाहीच. मीच रचली होती.”

पलीकडे चष्मा पुसल्याची शांतता. मग सर म्हणाले, “अगं, मग तर चोरी सरळ तुझीच झाली! अजून चांगलं. लिही.”

“चोरीच्या मालाची चोरी आहे सर. मी कुठल्या तोंडाने ओरडू?”

“मला कळलं नाही.”

“पाचवं प्रकरण कादंबरीत जे आहे तेवढ्यावरच लिहिते. तारखेला देते. साधंच होईल.”

“साध्याने मुलाखतीत भागायचं नाही, वैदेही.”

“माहीत आहे सर.”

कायम नोकरी म्हणजे काय हे बेचाळिसाव्या वर्षी तासिका मोजणाऱ्या बाईला विचारा. राग तर मुळीच गेला नव्हता, फक्त त्याला आता पत्ता उरला नव्हता. मी ओर्लाचे सतराही मसुदे तिथेच, गाडीच्या टपावर फोन ठेवून पुसले. मग आत्याजवळ जाऊन कोरा फॉर्म पर्समध्ये घातला आणि वाकून तिच्या पाया पडले. या वेळी सगळं माहीत असून पडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो उचलायला नेहमीपेक्षा वेळ लावला.

“जाते आत्या.”

“जाते म्हणू नगं. येते म्हण.”

“येते.”

गाडी मागे घेतली. राजलक्ष्मी गच्चीवरून खाली आली होती. कावळ्यांनी अंगणभर कुरडयांचा चुरा केला होता, तो पाहून तिने भिंतीशी टेकवलेला झाडू उचलला.

“ठिव त्यो झाडू!” आत्या ओरडली. एवढ्या जोरात की मी ब्रेक दाबला.

“अवं आत्याबाई, समदा पसारा झालाय...”

“हू दे. ती अजून सडकंला लागली न्हाय.”

आत्या बाजेवरून उठली, गुडघ्यावर हात देत चालत गेली आणि तिने राजलक्ष्मीच्या हातातून झाडू काढून घेतला. मी गाडी पुढे घेतली. महामार्गाच्या तोंडाशी ट्रकमागून ट्रक येत होते, मला शिरायला जागा मिळेना. आरशात अंगण दिसत होतं. मी वळेपर्यंत आत्या तशीच उभी होती, झाडू दोन्ही हातांनी उचलून धरून, जमिनीला टेकू न देता.